अकरा शिंपले, एक दगड: मिथेनच्या पाझरांवरील जीवाश्मांच्या संचाचे परीक्षण

सूर्यप्रकाश कधीच न पोहोचणाऱ्या समुद्रतळावर, जमिनीतून पाझरणाऱ्या मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइडच्या आधाराने जगलेल्या द्विपुट (दोन पुटांचा शिंपला असलेल्या) प्राण्यांच्या जीवाश्मांचा एक शैक्षणिक संच काही महिन्यांपूर्वी मी मागवला. लाकडी पेटीत १२ नमुने, दहापट मोठे दाखवणारे एक भिंग आणि ४० पानांची पुस्तिका, एवढा त्याचा ऐवज आहे. बारांपैकी ९ नमुने राळेत ओतलेल्या प्रतिकृती आहेत आणि ३ अस्सल आहेत. अस्सल नमुन्यांत क्रिटेशस काळातला (डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडातला) एक शिलाखंड, इटलीतल्या त्याहून बऱ्याच नंतरच्या मायोसीन काळातल्या चुनखडकातला शिंपल्याच्या पोकळीचा साचा आणि आजच्या काळातला एक शिंपला यांचा समावेश होतो. जीवाश्मांची हौस असलेल्या वाचकाने किंवा हा विषय शिकवणाऱ्या शिक्षकाने हा संच घ्यावा की नाही, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘घ्यावा’ असेच आहे. मात्र ज्या नमुन्यासाठी तो घ्यावा, त्याच नमुन्याबद्दल पुस्तिकेने दिलगिरी व्यक्त केली आहे, आणि या परीक्षणाचा मोठा भाग त्या गमतीविषयीच आहे.

तो नमुना म्हणजे शिलाखंड. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पिएर शेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मऊ, करड्या चिखली खडकाच्या थरांतून चुनखडकाच्या शंकूसारख्या टेकड्या वर आलेल्या दिसतात. मूळ रहिवाशांच्या निमुळत्या तंबूंसारख्या आकारामुळे त्यांना टीपी ब्यूट्स म्हणतात, आणि भूवैज्ञानिक लिखाणात त्यांचे वर्णन १८९५ सालापासून आढळते. उत्तर अमेरिकेच्या मधोमध पसरलेल्या उथळ समुद्राच्या तळाशी सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी मिथेन पाझरत होता; जिथे तो पाझरला तिथे चुनखडक साचला, आणि पुढे भोवतालचा मऊ शेल झिजून गेल्यावर हे टणक गाभे तेवढे उभे राहिले. संचातला तुकडा तळहाताएवढा आहे आणि दिसायला अगदीच ओबडधोबड आहे. रंग मळकट तपकिरी, एका बाजूला काळपट शेलची खपली चिकटलेली, मध्ये लहानमोठी भोके, आणि या सगळ्यात निम्फाल्युसिना या ल्युसिनिड कुलातल्या प्रजातीचे चार शिंपले अर्धवट बुडालेले. पुस्तिका म्हणते की खडक फार कठीण असल्यामुळे हा नमुना पूर्ण साफ करता आला नाही, त्याबद्दल ग्राहकांनी समजून घ्यावे.

समजून घेण्यासारखे येथे पुष्कळ आहे, पण ते पुस्तिकेला अभिप्रेत असलेले नाही. भिंग घेऊन या तुकड्याकडे अर्धा तास पाहिले, तर चारांपैकी तीन शिंपल्यांची दोन्ही पुटे एकमेकांना चिकटलेली, मिटलेली दिसतात. प्राणी मेल्यावर लाटांनी किंवा प्रवाहाने शिंपले वाहून नेले असते, तर पुटे सुटी होऊन विखुरली असती. येथे प्राणी जिथे जगले तिथेच, दाटीवाटीने, गाडले गेले आहेत. एका फुटलेल्या शिंपल्याच्या पोकळीत भिंतीपासून आत वाढत गेलेले तंतुमय स्फटिकांचे थर दिसतात, झाडाच्या वलयांसारखे एकाआड एक फिकट आणि गडद. शिंपल्यांच्या मधल्या जागेत बारीक गोळ्यांनी भरलेला चिखल दगड होऊन बसला आहे, आणि तो नुसता वरून पडून साचलेला नसून जागच्या जागी सिमेंटसारखा घट्ट झालेला आहे. मिथेनच्या पाझराची ओळख पटवणारी जी लक्षणे अभ्यासक खडकात शोधतात, त्यांतली बरीचशी या एका कुरूप तुकड्यात हाताने चाचपता येतात.

हा खडक घडतो कसा, हे पुस्तिकेच्या अकराव्या पानावर बऱ्यापैकी नीट सांगितले आहे. तळाखालच्या चिखलात, जिथे प्राणवायू उरत नाही अशा खोलीवर, दोन प्रकारचे सूक्ष्मजीव जोडीने काम करतात. एक मिथेनचे विघटन करतो आणि दुसरा समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटचे सल्फाइड बनवतो. या व्यवहारातून दोन गोष्टी बाहेर पडतात: बायकार्बोनेट, ज्यापासून चुनखडक जमतो, आणि सल्फाइड, ज्यावर शिंपल्यांच्या कल्ल्यांमधले सहजीवी जीवाणू पोसले जातात. म्हणजे घर आणि अन्न एकाच चुलीवर तयार होते. मिथेनमधला कार्बन हलक्या समस्थानिकाने (कार्बन-१२ या हलक्या रूपाने) समृद्ध असल्यामुळे त्यापासून जमलेल्या चुनखडकात कार्बन-१३ चे प्रमाण विलक्षण कमी असते. ठरलेल्या प्रमाणाशी तुलना करून हे मोजले, तर सागरी चुनखडकाचे मूल्य साधारणपणे शून्याच्या आसपास राहते, तर पाझरांवरच्या चुनखडकात ते दर हजारी उणे ४० च्याही खाली गेलेले सापडते. शिलाखंडाच्या तुटक्या कडेवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहिले, तेव्हा बुडबुडे आले. अर्थात त्यावरून हा चुनखडक आहे एवढेच कळते, त्यातला कार्बन मिथेनचा आहे की नाही हे सांगायला प्रयोगशाळेतला वस्तुमान वर्णपटमापकच लागतो. निदान या एका नमुन्याचे मोजमाप करून तो आकडा चिठ्ठीवर छापायला हवा होता.

आता येथे एक मुद्दा आहे, जो पुस्तिकेच्या संपूर्ण मांडणीला छेद देतो. पाझरावर राहणारा द्विपुट प्राणी आपला मांसल देह सहजीवी जीवाणूंनी पुरवलेल्या कार्बनमधून घडवतो, पण शिंपला मात्र बहुतांशी भोवतालच्या समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बनपासूनच तयार करतो. त्यामुळे त्याच्या शिंपल्यात मिथेनची खूण सहसा ठळकपणे उमटत नाही. देह कुजून जातो, शिंपला उरतो, आणि उरलेला शिंपला साक्ष देत नाही. साक्ष देतो तो भोवतालचा खडक. संच तयार करणाऱ्यांनी बाकीच्या नमुन्यांवरचा खडक मात्र कौतुकाने खरवडून काढला आहे, आणि स्वच्छ, गुळगुळीत, एकसारख्या पिवळसर प्रतिकृती ओळीने मांडून प्रत्येकीच्या चिठ्ठीवर ‘रसायनसंश्लेषी’ (सूर्यप्रकाशाऐवजी रसायनांतून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगणारा) असा शिक्का मारला आहे. असे केवळ शिंपल्याकडे पाहून म्हणता येत नाही, याचा पुरावा योगायोगाने याच पेटीत आहे. आजच्या काळातला जो अस्सल शिंपला दिला आहे, तो ल्युसिनिड कुलातलाच आहे आणि उथळ पाण्यातल्या समुद्री गवताच्या मुळांशी असलेल्या चिखलातून आलेला आहे. त्याच्याही कल्ल्यांत सल्फाइडवर जगणारे जीवाणू असतात, पण तो उष्ण विवरावर (समुद्रतळातून गरम पाणी बाहेर पडते अशा भेगेवर) राहत नाही आणि मिथेनच्या पाझरावरही राहत नाही. ल्युसिनिड असणे आणि पाझरावरचे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ल्युसिनिडांच्या बाबतीत संचाचे काम इतर बाबतींपेक्षा चांगले उतरले आहे, हे मान्य केले पाहिजे. या कुलाची ओळख पटवणारी खूण शिंपल्याच्या आत असते: पुढच्या बाजूच्या आकुंचक (पुटे मिटवणाऱ्या) स्नायूचा वण लांबट, जिभेसारखा असतो आणि त्याचा खालचा भाग कडेला समांतर जाणाऱ्या प्रावार-रेषेपासून (शरीर झाकणारे मांसल पटल शिंपल्याला चिकटते त्या रेषेपासून) सुटून आतल्या बाजूला वळलेला असतो. आजच्या शिंपल्यात हा वण बोटाने जाणवतो. इटलीतल्या नमुन्यात मूळ शिंपला विरघळून गेला आहे आणि त्याच्या पोकळीत भरलेला गाळ तेवढा दगड होऊन उरला आहे, त्यामुळे तिथे हीच खूण उलटी, उंचवट्याच्या रूपात दिसते. दोन्ही शेजारी ठेवून विद्यार्थ्याला खोलगट भाग आणि उंचवटा जुळवायला सांगितले, की साचा आणि मूळ वस्तू यांतला फरक एकदाच कायमचा समजतो. तासभर फळ्यावर आकृत्या काढून जे साधत नाही ते येथे दोन मिनिटांत साधते. ॲपेनाइन पर्वतातल्या या चुनखडकांना त्यांतल्या विपुल शिंपल्यांवरून ‘ल्युसिना चुनखडक’ हे नाव फार पूर्वीच पडले होते, आणि ते मिथेनच्या पाझरांवर तयार झाले हे त्या मानाने बरेच उशिरा कळले. पुस्तिकेने हा इतिहास एका वाक्यात उरकला आहे, आणि त्याच पानावर निम्मी जागा निळ्या समुद्राच्या एका शोभेच्या चित्राला दिली आहे.

जुरासिक काळातल्या ल्युसिनिडची प्रतिकृती फ्रान्समधल्या बोव्वाझँ येथील नमुन्यावरून घेतली आहे आणि तीही समाधानकारक आहे. सिल्युरियन काळातल्या (चाळीस कोटी वर्षांहून जुन्या) इलिओनियाविषयी मात्र तक्रार आहे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरचा हा प्राणी ल्युसिनिडांच्या सर्वांत जुन्या प्रतिनिधींपैकी एक मानला जातो, त्यामुळे वंशेतिहास दाखवण्यासाठी त्याला पेटीत स्थान देणे योग्यच आहे. पण तो उथळ समुद्रात साचलेल्या गाळातून आला आहे, खोल समुद्रातल्या कोणत्याही पाझरावरून नव्हे. चिठ्ठीवर त्याला सरळ ‘पाझरावरील सर्वांत जुना शिंपला’ म्हटले आहे. शेजारच्याच खणात मोरोक्कोमधल्या हॉलार्ड टेकाडावरच्या त्यानंतरच्या डेव्होनियन काळातल्या अटाव्हियाकोंका या द्विपुटाची प्रतिकृती आहे, आणि ते टेकाड खरोखरच प्राचीन मिथेन-पाझराचे म्हणून अभ्यासलेले आहे. तो मान तिला देता आला असता.

व्हेसिकोमायिड कुलाच्या दोन प्रतिकृती दिल्या आहेत. त्यांतली मोठी प्रतिकृती आजच्या कॅलिप्टोजेना मॅग्निफिकाची आहे. गॅलापागोस बेटांजवळ १९७७ साली आल्व्हिन या पाणबुडीतून सुमारे २,५०० मीटर खोलीवर उष्ण विवरे पहिल्यांदा पाहिली गेली, तेव्हा काळ्या लाव्हाच्या भेगांत पांढऱ्या शिंपल्यांचे जे ढीग दिसले ते याच प्राण्याचे होते. त्याचे औपचारिक वर्णन १९८० साली झाले. प्रतिकृती जवळजवळ वीतभर लांब आहे आणि हातात घेतल्यावर आकाराचा जो अंदाज येतो तो छायाचित्रातून कधी येत नाही. या प्राण्याचे पचनमार्ग अगदीच खुरटलेला असतो, रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे मांस लालसर दिसते, आणि तो आपला पाय भेगेत खुपसून तिथले सल्फाइड शोषून घेतो, तर प्राणवायू वरच्या पाण्यातून कल्ल्यांवाटे घेतो. एका बाजूला विष आणि दुसऱ्या बाजूला हवा अशा सीमेवर बसून दोन्हींचा पुरवठा जीवाणूंना करायचा, ही त्याची जगण्याची रीत पुस्तिकेने चांगल्या आकृतीने दाखवली आहे. मात्र त्याच आकृतीखाली ‘सूर्याशी ज्यांचा काहीही संबंध नाही अशी जीवसृष्टी’ असे लिहिले आहे, ते खरे नाही. सल्फाइडचे ज्वलन करण्यासाठी हे जीवाणू जो प्राणवायू वापरतात तो समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो. हे वाक्य फार लोकप्रिय आहे आणि फार ठिकाणी छापले जाते. शैक्षणिक साहित्यात तरी ते नसावे.

दुसरी प्रतिकृती वॉशिंग्टन राज्यातल्या मध्य इओसीन थरांतल्या व्हेसिकोमायिडची आहे, म्हणजे सुमारे ४ कोटी वर्षांहून थोडी अधिक जुनी. तिची बाहेरची बाजू उत्तम आहे. वाढीच्या रेषा मोजता येतात. आतली बिजागरी मात्र संशयास्पदरीत्या स्वच्छ आहे. या कुलाच्या ओळखीत ककुदाखालून (शिंपल्याच्या वरच्या फुगीर टोकाखालून) फाकत जाणाऱ्या बिजागरीच्या दातांना मोठे महत्त्व असते, आणि इओसीन काळातल्या नमुन्यात ते इतके धारदार क्वचितच टिकतात. भिंगातून पाहिल्यावर हत्याराचे ओरखडे स्पष्ट दिसले, म्हणजे साचा बनवताना कोणीतरी ते दात हाताने पुन्हा कोरले आहेत. पुनर्रचना करणे चुकीचे नाही, अनेक संग्रहालये ती करतात. पण ती केल्याचे चिठ्ठीवर लिहायचे असते. शिवाय पुस्तिकेतला कालपट या कुलाची रेघ थेट क्रिटेशसपर्यंत ओढतो. क्रिटेशसमधून पूर्वी नोंदवलेल्या व्हेसिकोमायिडांची ओळख नंतरच्या तपासणीत टिकली नाही, आणि निर्विवाद नमुने इओसीनपासूनच मिळतात. क्रिटेशसमध्ये पाझरांवर मोठ्या शिंपल्यांची जागा घेतलेला प्राणी वेगळाच होता, त्याचे नाव कॅस्पिकोंका. ग्रीनलंड, जपान, कॅलिफोर्निया अशा एकमेकांपासून दूरच्या ठिकाणी तो सापडतो, आणि पुढे नामशेष होतो. त्याची लांबट, जड प्रतिकृती याच पेटीत असूनही कालपटावर तिला जागा नाही, हा निष्काळजीपणा आहे.

शिंपल्यांच्या या इतिहासात आणखी एक मोठी उणीव राहते. पुराजीव आणि मध्यजीव महाकल्पांत अनेक पाझरांवर शिंपल्यांपेक्षा ब्रॅकिओपॉड प्राण्यांचे राज्य होते. त्यांनाही दोन पुटे असतात, म्हणून नवखा माणूस त्यांना हमखास शिंपले समजतो. क्रिटेशसच्या पूर्वार्धातली पेरेग्रिनेला ही पाझरांवर गर्दीने राहणारी मोठी, फासळ्यांसारख्या उभ्या कंगोऱ्यांची प्रजात त्याचे ठळक उदाहरण आहे. तिचा एक नमुना ठेवला असता, तर द्विपुट प्राण्यांत डावे आणि उजवे पुट सहसा एकमेकांचे प्रतिबिंब असते, तर ब्रॅकिओपॉडमध्ये प्रत्येक पुट स्वतःच मधोमध सममित असते, हा फरक हातात धरून शिकवता आला असता. संच द्विपुटांचा आहे हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

उरलेल्या तीन प्रतिकृतींबद्दल थोडक्यात. बॅथिमोडिओलस या विवरांवरच्या मोठ्या शिंपल्याच्या वंशातल्या इओसीन शिंपल्याची प्रतिकृती फक्त बाहेरून आहे आणि आतून सपाट भरलेली आहे, त्यामुळे तिचा उपयोग मर्यादित. बुडालेल्या लाकडांवर आणि देवमाशांच्या हाडांवर राहणाऱ्या छोट्या नातलगांपासून हे मोठे शिंपले विवरांकडे गेले असावेत, असा २००० साली जनुकीय अभ्यासातून पुढे आलेला विचार पुस्तिकेत आहे, पण तुलनेसाठी एकही छोटा नातलग पेटीत नाही. सोलेमाया बरी आहे. कोंकोसेलेच्या मागच्या बाजूची खोल घडी, जी थायासिरिड कुलाची मुख्य खूण आहे, ती साच्यात इतकी बुजली आहे की चिठ्ठी वाचल्याशिवाय हा नमुना ओळखता येणार नाही.

पेटीची बांधणी भक्कम आहे, खणांत जाड फोम आहे आणि भिंगाची काच चांगल्या प्रतीची आहे. शिलाखंड मात्र सर्वांत खालच्या कप्प्यात, साध्या कागदात गुंडाळून ठेवला होता, आणि त्याच्या कडेची शेलची खपली प्रवासात सुटून कागदात भुगा झाली होती. तो भुगा मी एका कुपीत भरून ठेवला आहे, कारण पाझराच्या चुनखडकाला भोवतालच्या सामान्य चिखलाची जोड त्याच्याशिवाय दाखवता येत नाही.

चिठ्ठ्यांवर देश आणि काळ आहेत, पण थराचे नाव केवळ दोन नमुन्यांना दिले आहे, आणि नमुना पाझराच्या गाभ्यातून आला की कडेवरून याचा कुठेही उल्लेख नाही. याबद्दल, तसेच प्रतिकृतींच्या मूळ नमुन्यांबरोबर त्यांच्या खडकाचे चार तुकडे मिळू शकतील का याबद्दल, मी संच बनवणाऱ्यांना पत्र लिहिले. उत्तर आठवड्याभरात आले, आणि ते सौजन्यपूर्ण होते. थरांची नावे पुढच्या आवृत्तीत घालू असे त्यांनी कळवले, बुजलेल्या कोंकोसेलेच्या बदल्यात दुसरी प्रतिकृती विनाशुल्क पाठवण्याची तयारीही दाखवली. खडकाबाबत एवढेच लिहिले होते की नमुने साफ करताना निघालेला भाग ते ठेवत नाहीत, आणि अर्धवट साफ झालेल्या शिलाखंडाबद्दल माझी नाराजी त्यांना समजते, पुढच्या खेपेपासून त्या जागी पूर्ण स्वच्छ केलेला शिंपला देण्याचा त्यांचा विचार आहे. त्याच दिवशी मी दुसरे पत्र पाठवून सध्याच्या खेपेतले आणखी दोन संच राखून ठेवायला सांगितले.